आईच्या बटणांत ओवीचं नाव

रविवार, संध्याकाळ. कोंढा.

जमलं! लकवा मारल्यापासून आईची वाचा गेली, म्हणून बाबांनी तिच्यासाठी प्रोग्राम लिहिला होता. बटण दाबलं की कॉम्प्युटर तिच्यासाठी बोलतो: पाणी, पंखा, दार. पण बाबा गेले, त्यांच्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क जळाली, त्यांनी लिहिलेला मूळ कोडही गेला. उरली फक्त आईच्या कॉम्प्युटरवरची चालणारी फाईल. तिच्यात नवा शब्द घालता येईना, आणि माझी ओवी तर बाबांनंतर जन्मलेली. आईकडे नातीचं नावच नव्हतं.

महिनाभर ती फाईल उलगडून कोड परत लिहीत होते. कोडच्या भागांना बाबांनी दिलेली नावं पुसलेली, पण त्यांचा विचार जागोजागी दिसायचा. हे असं काहून केलं असेल, म्हणून चिडायचे, आणि पुढे कारण सापडायचं. आज शब्दांची जागा सापडली. ओवीचं नाव घातलं.

"दाबून पाह्य वं माय," मी आईला म्हटलं. तिनं नवं बटण दाबलं. "ओवी," कॉम्प्युटर बोलला.

ओवी अंगणातून ओरडली, "कोण बलावून राहिलं मले?"

"आजी!" मी म्हटलं.

ती धावत आली. समोर उभी राहिली, तरी आईनं बटण पुन्हा दाबलं. पुन्हा. पुन्हा.