एकाच दाराच्या माश्या

२ फेब्रुवारी
पायाला प्लास्टर! तीन आठवडे अंगणात खुर्ची टाकून बसायचं. आणि समोर कोणाचं दार? सोनूबाईंचं. माझी मोठी जाऊ. दिवाळीपासून बोलणं बंद. तिच्या कोंबड्यांनी माझी मेथी उकरली, मी बोलले, तीही बोलली. जीभ कातरीसारखी! (माझी काही कमी नाही म्हणा.)
अंगणात मधोमध भिंत घालायचा हट्ट माझाच. चुन्याची रेघ मारून झालीय. वसंता गवंडी सोळा तारखेला पाया खणणार.

५ फेब्रुवारी
बरोबर रेघेवर एक भोक. पेन्सिल जाईल एवढं. बारक्या काळ्या माश्या पायांना शेवग्याचा पिवळा पराग माखून आत शिरतात. लेकीला फोन केला — साक्षी बदनापूरला शेतीचं शिकते. "आई, मातीत राहणाऱ्या मधमाश्या त्या! छेडल्याबिगर चावत न्हाईत. पाठीवर नेलपॉलिशचा ठिपका दे, मंग कळंल कोण कुठं जातं."

६ फेब्रुवारी
भोकावर ग्लास उपडा घातला. चार सापडल्या! फ्रिजमध्ये दह्याशेजारी पाच मिनिटं — गारठून गप्प. लाल ठिपके दिले. त्याआधी ह्यांनी फ्रिज उघडला आणि केवढ्यांदा ओरडले! मी पोट धरून हसले. समोरच्या दारातही कुणीतरी हसलं. की मला भास झाला?

९ फेब्रुवारी
चारही त्याच भोकात! मला वाटलं, आत राणी असेल आणि ह्या तिच्या लेकी. साक्षी म्हणाली, "राणीबिणी न्हाई तिथं. दार एक, आत जिची तिची खोली, जिचं तिचं पोर. बहिणीच असतील असंबी न्हाई, परक्या घरच्याबी असतात."
परक्या घरच्या, एकाच दारात. आम्हीच की!
एक बाहेर गेली की दुसरी दारात डोकं घालून बसते. आज एका मुंगीला तिने हुसकावून लावलं. मी पडले त्या संध्याकाळी माझ्या गाईची धार कुणी काढली? कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

१३ फेब्रुवारी
निळा ठिपका!! माझ्याकडे निळं नेलपॉलिश नाहीच. डोळे चोळून पाहिलं, तर मागोमाग दुसरी. तीही निळी! समोर सोनूबाईंचा बैल रवंथ करत होता. पोळ्याला फासलेला निळा रंग शिंगांवर अजून तसाच. अगं बया! माझ्याआधी उठून, ग्लास घेऊन! फ्रिज नाही तिच्याकडे, माठावर ठेवून गार केल्या असतील. इतका आनंद झाला की रडूच आलं.

१४ फेब्रुवारी
वसंताला फोन केला, भिंत नको म्हणून. तो म्हणाला, "आता परत कशाला सांगून राह्यल्या, वैनी? सोनूवैनींनी परवाच न्हाई म्हणून सांगितलं. मला वाटलं, तुमी दोघींनी मिळूनच ठरवलं."