कुटुंबाच्या रकान्यातील नोंदीबद्दल मला अपात्र ठरवण्याबाबत

प्रति,
मा. निवडणूक निर्णय अधिकारी,
संचालक मंडळ निवडणूक,
कुटुंब सेवा संघ, मुख्य कार्यालय,
दुसरा मजला, जिन्यासमोरची खोली.

विषय : उमेदवार क्र. ५ याने कुटुंबाविषयी माहिती दडवल्याने त्यास अपात्र ठरवून सुधारित यादी सर्व सभासदांस टपालाने पाठवण्याबाबत.

संदर्भ : १) उमेदवारांची अंतिम यादी. २) निवडणूक नियम क्र. १४.

अर्जदार : उमेदवार क्र. ५ (स्वतः).

महोदय,

१. विषय वाचून आपण चष्मा पुसून पुन्हा वाचला असेल. लिहिण्यात चूक नाही. तक्रार करणारा मीच आणि जिच्यावर तक्रार आहे ती व्यक्तीही मीच. डोके ठिकाणावर आहे.

२. मी पाट्या रंगवणारा. चाळीस वर्षे दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या पाट्या रंगवल्या. आपल्या सभागृहातील माजी संचालकांचा फलकही माझ्याच हातचा आहे. संघाशी माझा खरा संबंध मात्र पत्नीच्या आजारपणात आला. संघाची सेविका आठवड्यातून दोनदा येऊन तिला अंघोळ घालीत असे, केस विंचरीत असे. पत्नी गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून नियमाप्रमाणे सेविका बंद झाली. मागे राहिलेल्या माणसाला चहाची पूड कोणत्या डब्यात आहे हेसुद्धा ठाऊक नव्हते. सेविका आणखी आठ दिवस तरी यावी, एवढाच ठराव आणण्यासाठी मी या वयात निवडणुकीला उभा राहिलो. बाकी खुर्चीची हौस नाही.

३. उमेदवारी अर्जातील सातवा रकाना ‘कुटुंब’ असा होता. आमच्या घरात कुटुंब म्हणजे बायको. माझे वडील आईला कुटुंब म्हणत, मीही तेच उचलले. पत्नी यावरून मला फार चिडवी. म्हणे, “मी एकटीच कुटुंब, मग तुम्ही कोण? पाहुणे?” रकाना दोन बोटे रुंद होता. जागा बघून मजकूर बसवणे अंगवळणी पडलेले. मी लिहिले, ‘वारले’.

४. छाननीत आपल्या कार्यालयाने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला आणि छापील यादीत माझ्या नावापुढे ‘कुटुंब : नाही’ असे आले. चार उमेदवारांच्या पुढे मुले, सुना, नातवंडे अशी भरली गोकुळे आहेत. त्यांच्याखाली मी, सडाफटिंग. यादी पाहून मी हसलो होतो, हे इथे नमूद करतो. कुटुंब सेवा संघाच्या निवडणुकीत कुटुंब नसलेला उमेदवार, म्हटले छान.

५. हसणे चारच दिवस टिकले. मला एक मुलगी आहे. पत्नीने हौसेने तिलाही संघाची आजीव सभासद करून ठेवले होते, त्यामुळे यादी तिलाही गेली. तिने ती माझ्याकडे परत पाठवली. पाकिटावर तिचा पत्ता नाही, आत पत्र नाही; अक्षर मात्र तिचेच. माझ्या नावापुढील ‘कुटुंब : नाही’ या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारलेली आणि बाजूला दोन शब्द : ‘बरोबर आहे.’

६. मुलीची व माझी दोन वर्षे भेट नाही, बोलणे नाही; तिने घर बदलले, फोनचा नंबरही बदलला. आईच्या आजारात ती फोनवर सांगत होती, “बाबा, मोठ्या डॉक्टरांना दाखवा, आजच दाखवा.” मी म्हणत होतो, हातातले काम संपू दे. एका पेढीची मोठी पाटी होती. ती पाटी वेळेत पूर्ण झाली. सगळे उरकल्यावर मुलगी चार माणसांत एवढेच म्हणाली, “मी सांगत होते.” मला ते झोंबले, कारण ते खरे होते. मी म्हणालो, “आता सांगायला इथं तुझं कोणी उरलं नाही. जा.” ती चपला घालत असताना थांब म्हणायला मला भरपूर वेळ होता. तिच्या चपलेचा बंद लवकर लागत नव्हता.

७. यादी परत आल्यावर मी तडक आपल्या कार्यालयात आलो. खिडकीवरील कारकून भला माणूस आहे. तो म्हणाला, “आजोबा, अंतिम यादीतली चूक काढता येत नाही. उमेदवार काढता येतो.” मला हे प्रथम समजले नाही. त्याने नियम १४ उघडून दाखवला. नोंदीतील दुरुस्तीसाठी तीन दिवसांची मुदत होती, ती संपली. मात्र एखादा उमेदवार खोट्या माहितीमुळे अपात्र ठरला, तर सुधारित यादी कारणासह प्रत्येक सभासदाच्या घरी टपालाने जाते. प्रत्येक सभासद म्हणजे तीही. मी मुलीचा पत्ता मागितला. तो खासगी असल्याने देता येत नाही असे कळले. ते योग्यच आहे. मी पत्ता मागत नाही.

८. त्यावर मी उमेदवार क्र. २, औषधांच्या दुकानवाल्या बाई, यांना भेटून माझ्याविरुद्ध हरकत घेण्याची विनंती केली. त्या म्हणाल्या, “तुमचं वाईट करायला मला जमणार नाही हो काका.” मी पुष्कळ गळ घातली. अखेर त्यांनी सेविकेच्या आठ दिवसांचा ठराव स्वतः मांडण्याचा शब्द दिला, पण हरकत घेतली नाही. सबब माझ्याविरुद्ध हरकत मलाच घ्यावी लागत आहे.

९. आपण म्हणाल, ही तर शब्दाची गफलत; जागा कमी होती; यात खोटेपणा कुठला? मी कारकुनालाही तसेच सांगितले होते, शेजाऱ्यांनाही सांगितले. आता लेखी देतो की ते पूर्ण खरे नाही. अर्जाची मागची बाजू कोरी होती. ‘वारले’ लिहून झाल्यावर मी कागद उलटा केला होता. पेन टेकवला होता. मुलगी कधीतरी स्वतःहून येईल, तेव्हा लिहू, असे मनात आले. बापाने आधी का वाकायचे, असेही आले. मग मी कागद सुलटा केला आणि सही ठोकली. त्यामुळे आपल्या कार्यालयाचा यात काडीचा दोष नाही. दडवले ते मी.

१०. करिता विनंती की, मला अपात्र ठरवावे आणि सुधारित यादीत कारण पुढीलप्रमाणे छापावे :
‘उमेदवार क्र. ५ यांस एक मुलगी आहे. ती आहे हे ठाऊक असून त्यांनी लिहिले नाही. आईच्या बाबतीत मुलीचे म्हणणे बरोबर होते. उमेदवारास आपली चूक मान्य आहे.’
तिसरे वाक्य निवडणुकीच्या कामाचे नाही, हे मला कळते. तरी ते गाळू नये. तिच्या घरी जाणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही कागदावर माझे काही छापून जाण्याचा मार्ग मला उरलेला नाही.

११. सुनावणीची तारीख लावण्याची तसदी घेऊ नये. गुन्हा कबूल आहे. पुढे कोणत्याही निवडणुकीस उभे राहण्यास मला बंदी झाली तरी चालेल. विलंब मात्र होऊ देऊ नये. माझा आधीचा विलंब पुरे झाला आहे.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
(सही)
उमेदवार क्र. ५, पाट्या रंगवणारा

दि. १४ मार्च

सोबत :
१) सभासद ओळखपत्राची प्रत.
२) परत आलेली यादी. मूळ आहे, कृपया टाचणी टोचू नये.
३) मुलीच्या जन्मदाखल्याची प्रत, ती माझी मुलगी असल्याचा पुरावा म्हणून. यावर तिची हरकत आल्यास ती फेटाळण्यापूर्वी मला एकदा वाचायला द्यावी. तेवढेच तिचे पत्र.