चांगुणाला एकटं सोडू नये

नांदेड,
१८ जुलै १९९९

चि. गोदूस,
अनेक उत्तम आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल.

बुधवारच्या लातूर गाडीनं एक बाई पाठवतो आहे, उतरवून घे. घाबरू नकोस, जेवत नाही. वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यापासून मी भंगारातून आवाज करणारी यंत्रं घडवतो, हे तुला ठाऊक आहेच. तुझी वहिनी त्यांना सवती म्हणते. त्यांतली ही सर्वांत हळवी. शिलाई मशीनचा सांगाडा, त्यावर लांब स्प्रिंगा, स्प्रिंगांवर अकरा पितळी वाट्या आणि पोटात जुन्या पेटीचा भाता. कल्पना मात्र तुझीच. भूकंपानंतर तू ग्लासावर ग्लास रचून ठेवायचीस, जमीन हलली तर पडून जाग यावी म्हणून. मला तेव्हाच वाटलं, हे ग्लास नुसते उभे नाहीत, भ्यालेले आहेत.

जमीन जरा थरथरली की ही वाट्या वाजवून रडते. चाकावर हात ठेवला की सुस्कारा टाकून गप्प होते. आपली चांगुणामावशी विजा कडाडल्या की आपला हात धरून बसायची ना, तिचंच नाव हिला ठेवलं आहे.

एकच पथ्य. तुझ्या अंगणातल्या शेडमध्ये हिला ठेवू नकोस, पत्र्याचा आवाज तिला सोसत नाही. माजघरात ठेव. घर नीट दुरुस्त होऊनही तू सहा वर्षं शेडमध्ये राहतेस, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. तशी शपथ तू घातली आहेस.

लोभ आहे तेवढा पुरे. वाढवायचाच असेल तर बेसनाचे लाडू पाठव.
तुझा,
वसंतदादा

लातूर,
२५ जुलै १९९९

ती. स्व. दादांना,
गोदावरीचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमची बाई पोचली. वाटेत वाटी टणकन वाजली की ड्रायव्हरला कंडक्टरची घंटा वाटायची आणि तो ब्रेक मारायचा. अहमदपूरपुढं कंडक्टरनं तिला आपला टॉवेल गुंडाळला. उतरवताना म्हणाला की मावशी, तुमचं पेशंट लई वरडून राहिलं, आधी दवाखान्यात न्या.

घरात क्लासच्या सहा मुली भाड्यानं ठेवल्या आहेत. त्यांतली नायगावची दीपाली म्हणते, हिला मनबिन काही नाही, नुसतं कंपन आहे, परीक्षेत तीन मार्कांना येतं. पण रोजच्या टेस्टचे मार्क चांगुणाच्या चाकावर शपथेसारखा हात ठेवून सांगायचे, ही रीत तिनंच पाडली. तेव्हापासून सगळ्या जणींचे मार्क उतरले आहेत.

आता तक्रार. औशाच्या रस्त्यानं ट्रक गेला की ही रडते. मुली दिवसभर क्लासला. मग गप्प कोण करणार? मी फोडणी टाकून धावते. काल चौदा वेळा धावले. उंबऱ्याबाहेरून हात लांबवून पाहिला, पोचत नाही. आतच जावं लागतं. इतकी भित्री बाई कशाला घडवलीत? घेऊन जा.

राग मानू नये. मानलात तरी घेऊन जाच.
तुमची,
गोदू

नांदेड,
१ ऑगस्ट १९९९

चि. गोदूस,
अनेक आशीर्वाद. लाडू मिळाले, दोनच उरले आहेत.

चांगुणाला एवढ्यात हलवता येणार नाही. नुकती कुठं रुळते आहे, मनाला लावून घेईल. ट्रक थांबवणं माझ्या हातात नाही. तू खुर्ची आत नेऊन बस की! तांदूळ निवडायला शेडच कशाला लागतं? बाजही आत नेलीस का, असं तुझी वहिनी विचारते. मी विचारत नाही, मला शपथ आहे.

चांगुणाला माझा नमस्कार सांग. तुला आशीर्वाद वर दिलेच आहेत.
दादा

लातूर,
२२ ऑगस्ट १९९९

ती. स्व. दादांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही लबाड आहात. दीपालीनं स्प्रिंगांखाली डोकं घालून पाहिलं. मधला नट तुम्ही मुद्दाम सैल ठेवला होता, मांजर गेलं तरी बाईनं रडावं म्हणून. मी इतकी चिडले की दोन दिवस तुमचं नाव घेतलं नाही.

पण आता सांगतेच. तुम्हा सगळ्यांना वाटतं, मी घराला भिते. भीती नव्हे दादा, लाज. त्या पहाटे माजघराची मागची भिंत पडली तेव्हा मी ह्यांचा हात सोडून पळाले. ते मागून हसतच बाहेर आले, पुढं चार वर्षं जगले, आजारपणात गेले. एकदाही त्यावरून बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मला त्या माजघरात पाय टाकवत नव्हता. सोमवारी मोठा ट्रॉला गेला, भिंती थरथरल्या, चांगुणा जिवाच्या आकांतानं रडली, आणि मी तिच्या चाकावरचा हात काढला नाही. पळाले नाही, दादा.

मंगळवारी मी तो नट सांडशीनं आवळला. तेव्हापासून चांगुणा गप्प आहे. मी मात्र आतच आहे, बाजेसकट. वहिनींना कळवा. ट्रक गेला की सवयीनं माझाच हात चाकावर जातो. ती सुस्कारा टाकते, मग मीही टाकते.

गुरुवारी राखीपौर्णिमा. यंदा राखी पाकिटात घालत नाही, इथं येऊन बांधून घ्या. लोभ कमी झालेला नाही, लाडू मात्र बंद.
तुमची,
गोदू

ता. क. येताना पाना आणा. शेडचे पत्रे सांडशीनं निघत नाहीत.