दारापासून सगळ्यात लांबची जागा

अल्माटी, ३ मार्च

आदरणीय बातिमा वहिनी,

सलाम. दादांचा रक्तदाब, तुमचे गुडघे, दोन्ही गाई आणि शेजारणीचा स्वभाव हे सगळं ठीक असेल अशी आशा करते. या क्रमाने कुणी दुखावलं जाणार असेल तर क्रम बदलून वाचावा. मी बरी आहे. विद्यापीठात यंदा संस्कृतला चार विद्यार्थी आहेत. गेल्या वर्षी तीन होते, तेव्हा विभागाची भरभराट चालू आहे असं म्हणायला हरकत नाही.

अक्मारलचा शिकागोहून फोन आला होता. तुमचा नातू सान्झार भिंत धरून उभा राहतो म्हणे. महिन्याभरात चालू लागेल, म्हणून पायांत दोरी बांधून ती कापायचा सोहळा तिने एप्रिलमध्ये धरला आहे आणि दोरी मी कापावी असं तिच्या मनात आहे. त्यावर तुम्ही तिला काय म्हणालात तेही तिने सांगितलं. तुमची लेक काही लपवत नाही, कुणावर गेली कोण जाणे. "जिचा हात लागतो तिचा स्वभाव पोराला लागतो. फारकत घेतलेल्या बाईच्या हातात कात्री कशाला?" शब्द तुमचेच असावेत, कारण आवाजही तिने तुमचाच काढला. शेवटी तुमच्यात असं ठरलं, की सोहळ्याच्या दिवशी तुम्ही द्याल त्याच्या हातात कात्री. ठीक आहे. आजी तुम्ही आहात.

आता प्रवासाचं. तिकिटं तिने काढली आहेत, दोघींची साधी. इस्तंबूलला विमान बदलून पुढे अकरा तास. तिच्या खात्यात विमानप्रवासाचे मैल जमले आहेत. त्यांतून जाताना एकीची आणि येताना एकीची जागा वरच्या वर्गात नेता येते. "आत्या, कुणाची ते तूच ठरव. आईला फोनवर समजावणं माझ्याच्याने होत नाही."

अकरा तासांसाठी एवढे मैल जाळावेत का, हे मी आमच्या विभागप्रमुखांना विचारलं. ते म्हणाले, "निजून जा नाही तर बसून जा, विमान पोचायचं तेव्हाच पोचतं." हे गृहस्थ न्यायशास्त्र शिकवतात. स्वतः मात्र सोलच्या परिषदेला वरच्या वर्गातून गेले होते आणि तिथल्या जेवणातली मिठाची कुपी चार वर्षं टेबलावर मांडून बसले आहेत. त्या कुपीवरून मी काय तो निष्कर्ष काढला.

पण मोठ्या तुम्ही, म्हणून तुम्हालाच विचारते. विमान म्हणजे एक लांबट खोली. एक जागा पुढे आहे, दाराला लागून. दुसरी पार शेवटी, दारापासून सगळ्यात लांब, आपल्या घरांत जिथे मानाचा पाहुणा बसतो तशी. कुठली हवी ते कळवा.

दाराशी बसायची मला सवय आहे, हे तुम्हाला आठवत असेलच.

तुमची,
कुलयाश

अल्माटी, ११ मार्च

आदरणीय वहिनी,

सलाम. कुशल तेच.

तुमचं उत्तर दादांनी फोनवर वाचून दाखवल्यासारखं सांगितलं. मागून तुम्ही दुरुस्त्या करत होतात, त्याही ऐकू आल्या. "हा काय प्रश्न झाला? सहासष्टाव्या वर्षी मी दाराशी बसू? मी बसेन शेवटी. तिला बसू दे दाराशी, जोड्यांत." जोडे दादांनी गाळले होते. तुम्ही ते परत घालायला लावलेत.

तसंच केलं आहे. तुमची रांग सेहेचाळीस, विमानातली शेवटची. पाठीशी भिंत आहे. माझी पहिली.

आणि जोड्यांचं म्हणाल तर आई गेल्यावर तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला, चाळीस-पन्नास माणसांदेखत, तुम्ही मला "इथे बस, चहा आणायला बरं पडेल" म्हणून दाराशी बसवलंत, तेव्हा पाहुण्यांच्या जोड्यांची रांग माझ्या मांडीला टेकली होती. आई माझी होती. याला सहा वर्षं झाली. तुम्ही आईचं सात वर्षं केलंत आणि मी सणासुदीला फळं घेऊन येत होते, हे मला मान्य आहे. म्हणूनच मी तेव्हा बोलले नाही.

गुडघ्यांचं औषध हातातल्या पिशवीत ठेवा.

कुलयाश

अल्माटी, २४ एप्रिल

आदरणीय वहिनी,

सलाम. मी सुखरूप पोचले. येताना साध्या जागेत बसून आले, पाठीचं पार लाकूड झालं आहे. त्याचं कारण पुढे येईल. तुम्ही मेअखेरपर्यंत लेकीकडे आहात तेव्हा हे पत्र वेळेत मिळेल. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मध्ये बोलता.

इस्तंबूलला विमानात शिरताना तुम्ही पुढच्या त्या ऐसपैस खुर्च्या पाहिल्यात आणि म्हणालात, "आजारी माणसांसाठी असतील. उतरवायला दार जवळ पडतं." मी हो म्हणाले. मग काठी टेकत तुम्ही शेवटपर्यंत चालत गेलात, लग्नघरात शिरल्यासारख्या.

चार तासांनी मी मागे आले. काळजीने आले असं तुम्हाला वाटलं. वहिनी, मी बघायला आले होते. त्या रांगेतली खुर्ची मागे कलत नाही आणि भिंतीपलीकडे संडास आहे, हे मला माहीत होतं. तुम्हाला अवघडलेलं पाहून परत जाऊन पाय पसरायचे, एवढाच बेत होता.

तर तुमच्यासमोर दहा-बारा माणसं अदबीने उभी. संडासाची रांग होती ती, पण प्रत्येक जण तुमच्यापाशी थांबत होता, आणि तुम्ही विचारपूस करून हातावर वाळल्या चक्क्याचा गोळा नाही तर तळलेल्या कणकेचा बौरसाक ठेवल्याशिवाय कुणाला सोडत नव्हतात. एक तुर्की आजोबा तर नुसतेच बसले होते, त्यांना जायचंही नव्हतं.

"आलीस? बघ, पार पुढून येऊन भेटून जातात."

"त्यांना इकडे काम असतं, वहिनी."

"असेना. दाराशी वारा लागतो का गं?"

"नाही."

"जेवण तरी पोचलं का तिथवर?"

"पोचलं थोडं." कापडाच्या रुमालावर आलेल्या तीन ताटल्यांचं मी बोलले नाही.

"थोडंच पोचणार. हे घे." तुम्ही माझ्या मुठीत चार बौरसाक कोंबलेत. "दाराशी बसणाऱ्याला नेहमी शेवटी वाढतात."

पुढचे सात तास मी पांढऱ्या चादरीवर सपाट पडून होते. शेजारचा माणूस डोळ्यांवर पट्टी बांधून मेल्यासारखा. माझ्याशी कुणी एक अक्षर बोललं नाही. बौरसाक चांगले झाले होते, हे लिहिणं जिवावर येतं आहे.

मग सोहळा. सान्झारच्या पायात काळी-पांढरी दोरी, सगळे उभे, कात्री तुमच्या हातात. माझं उत्तर तयार होतं, सहा वर्षं घोटलेलं. तुम्ही कात्री दुसऱ्या कुणाला दिलीत की ते भर बैठकीत वाचून दाखवल्यासारखं म्हणायचं, चाळिसाव्याच्या जोड्यांपासून सुरुवात करून. तुम्ही म्हणालात, "ही अकरा तास दाराशी बसून आली. एकदा कुरकुरली नाही. पोराला असा सोशिकपणा लागू दे." आणि कात्री माझ्या हातात ठेवलीत.

मी कापली. पोरगं चार पावलं चाललं आणि थेट तुमच्या मांडीवर जाऊन पडलं.

एवढं तयार केलेलं उत्तर फुकट गेलं, याचा राग मला अजून आहे. पण दोरी कुणी कापली हे तुम्हाला ठाऊक असलं पाहिजे. वहिनी, विमानात मानाची जागा पुढे असते, दाराला लागून. संस्कृतात तर मानाच्या जागेला म्हणतातच अग्रासन, आणि हे मी तीस वर्षं शिकवते आहे. तुम्हाला सांगितलं नाही. मुद्दाम सांगितलं नाही. सोबत एक मिठाची कुपी आहे, पहिल्या रांगेतली. विभागप्रमुखांच्या कुपीपेक्षा मोठी आहे.

येतानाचे मैल मी माझ्यासाठी वापरले नाहीत. त्यांतून तुमची परतीची जागा बदलून घेतली आहे: पहिली रांग, दाराशी. बिछाना होतो, उशी मिळते, जेवण गरम येतं. भेटायला मात्र कुणी येणार नाही, आणि बौरसाक द्यावेत असं कुणी जवळपास नसेल. माझ्यावर रागवायला सलग अकरा तास मिळतील, तेही पाय लांब करून. घरी आल्यावर शेजारणीला खुशाल सांगा, की नणंदेने मला दाराशी बसवलं. खोटं होणार नाही.

सान्झारला सोशिकपणा लागला असेल तर उत्तम. माझा स्वभाव लागला असेल, तर तोही कधी तरी अगदी आदराने तुम्हाला विचारेल, आजी, कुठे बसणार? तेव्हा आधी नीट चौकशी करा.

चाळिसावं न विसरलेली,
तुमची दाराजवळची
कुलयाश