शिबिरातली पिशवी

१८ डिसेंबर, साखरखेर्डा

आलो एकदाचा! बुलढाण्याहून एस.टी.नं हाडं खिळखिळी करून आणलं, पण खोली पाहिली आणि सगळं विसरलो. खाली उकंडरावांचं बी-बियाण्यांचं दुकान, मागे त्यांचं घर आणि वर गच्चीला लागून माझी खोली. दोन खिडक्या, भिंतीला ताजा रंग, गच्चीवरून हरभऱ्याची शेतं. कंपनीनं मला इथला विक्री अधिकारी करून पाठवलंय आणि उकंडराव हे आमचे या भागातले सगळ्यात मोठे विक्रेते, त्यामुळे मी जावयाच्या थाटात आहे. आईनं फोनवर बजावलं, तिथलं बोलणं उचलू नकोस, स्थळं पाहायचीयत.

जेवताना गीताबाईंनी, म्हणजे उकंडरावांच्या बायकोनं, विचारलं की साहेब, तिखट चालते ना तुमाले? मी पुणेरी ऐटीत हो म्हटलं आणि पहिल्याच घासाला डोळ्यांतून धारा. सगळं घर हसलं. त्यांची मुलगी पूनम पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलीय, ती तर पोट धरून हसत होती. बरी माणसं आहेत. जमेल इथे.

४ जानेवारी

टार्गेट पूर्ण केलेल्या विक्रेत्यांना कंपनी दरवर्षी थायलंडला नेते. यंदाच्या कळपाचा राखणदार मी. घरोघरी 'कंपनीचं ट्रेनिंग' असं सांगितलं जातं आणि बायका ते ऐकून घेतात. उकंडरावांचा गुडघा धरलाय, म्हणून त्यांच्या जागी त्यांचा मेहुणा रंगराव येतोय. उकंडरावांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की लोकायले सांभाळा साहेब, तिकडं गेलं की मानसाले ध्यान राहत नाही. मी सुपारीलाही हात लावत नाही, हे त्यांनी गावभर करून ठेवलंय. ऐकायला छान वाटतं, खोटं कशाला बोलू.

१७ जानेवारी, पट्टाया

लिहू की नको? लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

काल राखणदारच कुंपण ओलांडून एका बाईकडे गेला. कंडोम वापरला होता. फाटला. तिनं माझ्याआधी पाहिलं आणि घाबरून भराभर काहीतरी बोलायला लागली. मला वाटलं जास्तीचे पैसे हवेत. ते ठेवले आणि निघालो. तीही घाबरू शकते, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही.

आज सकाळी फोनवर वाचलं. एचआयव्हीचा धोका वाटत असेल तर बहात्तर तासांच्या आत औषध सुरू करायचं असतं, जितकं लवकर तितकं चांगलं. खरं तर आत्ताच उठून इथल्या दवाखान्यात जायला हवं. पण नाश्त्याला सगळे जमलेत, आणि रंगराव विचारतोय, साहेब, चेहरा काऊन उतरला? रात्रीचं विमान आहे. मुंबईत उतरलो की पाहू. वेळ आहे.

१९ जानेवारी, शेगाव

मुंबईला विमानतळातून बाहेर पडलो तेव्हा टॅक्सी करून कुठल्याही दवाखान्यात जाता आलं असतं. पण या मंडळींचा रिवाज असा, की अशा ट्रिपवरून कुणी थेट घरी जायचं नाही. आधी शेगाव, महाराजांचं दर्शन, मग घर. रेल्वेची तिकिटं महिनाभर आधीच काढलेली. मी कामाचं निमित्त काढलं, तर रंगरावानं माझी बॅगच उचलली. म्हणाला, महाराजायले टाळून कुठी चालले, साहेब?

मोठ्यांदा नाही म्हणायचं होतं. म्हणालो नाही. रांगेत उभा राहिलो. पुढेमागे आमची मंडळी कपाळाला गंध लावून, तिकडे काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं. लाज वाटली ती त्यांची, की माझी, काय माहीत. निवांत दर्शन, मग प्रसाद, मग कुणाची तरी पेढ्यांची खरेदी. रात्री घरी जायला निघालो तेव्हा औषधाची वेळ निघून गेली होती.

२४ जानेवारी

बुलढाण्याला मीटिंगचं निमित्त काढून सरकारी दवाखान्यात गेलो. तपासणी मोफत, नाव गुप्त, असं दारावर लिहिलंय. बाकावर टेकतोय तोच संजीवनी समोर. उकंडरावांची पुतणी, तिथे नर्स आहे. साहेब तुमी इथं कायले, असं तिनं इतक्या आपुलकीनं विचारलं, की मी पित्त म्हणून मोकळा झालो. बिचारीनं स्वतः रांगेत उभं राहून गोळ्या आणून दिल्या. मी घरी पोचायच्या आत गीताबाईंनी माझ्यासाठी मऊ भात टाकला होता. नाव गुप्त म्हणे! या जिल्ह्यात साधं पित्त गुप्त राहत नाही.

५ फेब्रुवारी

ताप होता, आज उतरला. घसा अजून सोलून निघाल्यासारखा. गीताबाईंनी काढा पाठवला. पूनम पायरीपायरीवर थांबत, धापा टाकत घेऊन आली. मी रागावलो, तर म्हणाली, घरातलं मानूस आजारी असल्यावर खाली बसवते काय?

थंडीचा ताप असेल. सगळ्यांनाच आहे.

८ फेब्रुवारी

आज महाराजांचा प्रकट दिन. देवळाच्या मंडपात रक्तदान शिबिर होतं आणि मला फार हुशारीची युक्ती सुचली. घेतलेलं रक्त ते तपासतातच. काही निघालं तर हळूच बोलावतील, नाही निघालं तर गप्प बसतील. ना तो बाक, ना संजीवनी.

रक्तपेढीचा माणूस टेबलामागून विचारत होता. हल्ली ताप? परदेश प्रवास? काही जोखमीचे संबंध? शेजारी उकंडराव उभे. तेच म्हणाले, साहेबाले काय इचारता, सुपारी खात नाहीत थे. लोक हसले. मी नाही अशी मान हलवली.

रक्तगट ओ निगेटिव्ह. दुर्मिळ म्हणून माइकवरून नाव घेतलं, टाळ्या झाल्या, गळ्यात उपरणं पडलं. उकंडराव तर स्वतःचाच सत्कार असल्यासारखे फुलले होते.

१३ फेब्रुवारी

रक्तपेढीचा फोन नाही. म्हणजे काही निघालं नाही. सुटलो! खाली पेढे वाटले. कशाचे विचारलं, तर म्हटलं, सहज.

१५ फेब्रुवारी

आंघोळीला शर्ट काढला तर छातीवर लाल पुरळ.

पुन्हा वाचत बसलो. या वेळी शेवटपर्यंत. लागण ताजी असेल तर तपासणीत दिसेलच असं नाही. काही आठवडे जावे लागतात. तोवर रक्त स्वच्छ दिसतं, आणि नसतं. म्हणजे त्यांच्या गप्प बसण्याला काडीचा अर्थ नाही.

शिबिरात मिळालेल्या रक्तदात्याच्या कार्डामागे नंबर आहे, खाली लिहिलंय: नंतर काही सांगावंसं वाटलं तर कळवा, तुमची पिशवी बाजूला काढू. लावला. पलीकडून बाई हॅलो म्हणाली. ठेवून दिला. उद्या सकाळी करतो. शांत डोक्यानं.

१८ फेब्रुवारी

केला नाही. एवढ्या पिशव्यांत माझी एक. कुणाला जाईल, कुठे जाईल— आणि मला असेलच कशावरून?

१९ फेब्रुवारी

पूनमला पहाटे चिखलीला नेलं, खाजगी दवाखान्यात. मुलगी झाली. मग रक्त जायला लागलं, थांबेना. तिचाही ओ निगेटिव्ह. रक्तपेढीत त्या गटाची एकच पिशवी.

आपल्या शिबिरातली.

दुपारी उकंडरावांचा फोन आला तेव्हा चढवून झाली होती. ते रडत होते. साहेब, तुमीच वाचोली माही लेक. मी काय बोललो आठवत नाही. बहुतेक 'असू द्या' म्हणालो.

असू द्या!

बहात्तर तास. आता तिचे. मी सांगितलं तर डॉक्टर लगेच औषध सुरू करतील, बाळाला पाजायचं की नाही तेही ठरवतील. सांगितलं तरच.

२० फेब्रुवारी

चिखलीला गेलो. सांगायलाच गेलो होतो. गीताबाई सगळ्यांसमोर माझ्या पायाशी वाकल्या. माझ्या आईच्या वयाची बाई. मागे सरकलो तर भिंत.

पूनम बाळाला पाजत होती. पांढरीफटक. तरी हसली. म्हणाली, आता मले तिखट सोसायचं नाही, पुन्याचं रक्त आलं ना अंगात.

बाहेर आलो आणि परतीची एस.टी. धरली.

२१ फेब्रुवारी

मला नसेलही. नसेलच. पण ताप— पुरळ— मानेत गाठ लागतेय हाताला.

सांगितलं तर उकंडराव मारतील. मारू देत. पण नोकरी— आई— ती स्थळं—

नाही सांगितलं तर— पिशवी तपासणीत स्वच्छच निघालीय— माझ्यापासून आलं हे कुणाला कधी कळणारही नाही.

हे लिहिल्यावर बरं वाटलं. बरं वाटलं! मला माझीच भीती वाटतेय. माझ्यासारखा नीच—

२२ फेब्रुवारी, सकाळ

दुपारपर्यंत मुदत. वाक्य ठरवलंय. उकंडराव, पूनमला औषध द्यायला लावा, माझ्या रक्तात— एवढंच. पुढचं डॉक्टर बघतील.

खाली गाडी थांबली. उकंडरावांचा आवाज. आत्ताच. उतरतो आणि—

रंगराव वर आलाय. पूनमले आज घरी सोडतात, म्हणतो. तवरोक आपुन शेगावले जाऊन येऊ, नवस फेडू. तुमच्याबिगर दाजी हालत नाहीत.

मी थांबा म्हणालो. ऐकू आलं नाही त्याला. की मी म्हणालोच नाही—

बॅग उचलली त्यानं.

गाडीत सांगतो. उकंडराव शेजारीच बसतील. नाहीतर तिथे, रांगेत. वेळ आहे. दर्शन झालं की लगेच—