भास्करची शेवरी

असोदा, सोमवार, दिवेलागण. एप्रिल संपत आला.

मोबाईलवर हवामानाचा अंदाज आला. ऊन आणखी वाढणार, गुरुवारपासून वादळी वारे. माझ्या केळीचे घड ऐन भरात आलेत. आणि डोळ्यांसमोर काय, तर शेजारच्या भास्करची शेवरी! बांधावर उंच झाडांची भिंतच उभी. वारा अडवायला माझीही होती. केळीचं पाणी खाते म्हणून मीच तोडली, वर त्याला हसलो, "केळी लावतोस का जळण?" आता सगळं गाव त्याला शहाणा म्हणतं. आज माझ्या बायकोनेही म्हटलं. अंगाची नुसती आग झाली. त्याची शेवरी आडवी व्हावी, असं मनात आलं. इथे खोटं कशाला लिहू?

मघाशी तोच बांधावर आला. म्हणाला, "आबा, कायजी करू नका. वारं पह्यले माह्या शेवरीले धडकीन, मंग तुमच्या बागीले."

खरंच की. वारा पश्चिमेचा, त्याची बागही पश्चिमेला. त्याने टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

तो गेल्यावर पाहिलं, उन्हाने शेवरी पार मलूल झाली होती. माझ्या पाण्याची नळी तिच्या बुडाशी सोडून आलो. कुणी पाहिलं नाही, तेवढंच बरं.