मुंगीच्या खेळातला टेंपो

तीर्थरूप काका,

तुमच्या पायांवर डोकं ठेवतो. (डॉक्टरांनी गुडघ्यापायी ते स्टुलावर ठेवायला सांगितले आहेत असं काकूकडून कळलं, त्यामुळे मला फारसं वाकावं लागलं नाही.) गुडघा आता कसा आहे? टेंपोत पुढच्या सीटवर बसून हुकूम सोडायला परवानगी आहे पण खाली उतरायला नाही, असंही कळलं. तुमच्या हमालांनी त्या डॉक्टरांना दुवा दिला असेल. आम्ही सगळे ठीक. गावचा मेळा तोंडावर आल्यामुळे मी मेळा समितीच्या ऑफिसातच मुक्कामाला असल्यासारखा आहे आणि तुमची सून म्हणते की घर इतकं नीटनेटकं पूर्वी कधीच राहत नव्हतं.

आता मुद्द्यावर येतो, आणि मुद्दा मुंगीचा आहे. पत्र बाजूला ठेवू नका. तुमच्या लेकीनं तुमचा सामान हलवायचा चालता धंदा सोडून मोबाईलवरचे खेळ बनवायला सुरुवात केली, त्याला दोन वर्षं झाली, आणि तेव्हापासून तुम्ही बापलेक एकमेकांशी फक्त काकूमार्फत बोलता. तुम्ही काकूला सांगता, विचार तिला वेळेवर जेवते का. ती काकूला सांगते, सांग त्यांना जेवते. काकू बिचारी मध्ये बसून दोन्हीकडचा रुसवा गाळून फक्त जेवणाचं तेवढं पुढे पोचवते. मी समेट घडवायला लिहीत नाही. (समेट मला जमत नाही, हे माझ्याच लग्नात तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे.) मी फक्त जे पाहिलं ते सांगतो, कारण ते पाहून मी तोंडात बोट घातलं, आणि हे तुम्हाला माहीत नसावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

झालं असं, की आमच्या समितीच्या अध्यक्षबाईंनी यंदा फतवा काढला : लोक मान खाली घालून चालतात, भिंतीवरची जाहिरात कोण बघणार, तेव्हा मेळ्यानं लोकांच्या मोबाईलमध्ये शिरावं. सोपा, वेळ घालवायचा, कोडं सोडवायचा एखादा खेळ करा. जो जिंकेल त्याला आकाशपाळण्याची एक फेरी फुकट. मी मुंगीचं नाव सुचवलं. नातं सांगितलं नाही, पण आमचं दोघांचं नाक तुमच्याच घराण्यातलं असल्यामुळे बाईंनी पहिल्याच बैठकीत एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुढचा विषय घेतला.

मला वाटलं, ही आता कॉम्प्युटर उघडून बसेल. छे. पहिला आठवडा मुंगीबाई आमच्या गोदामात उलट्या बादलीवर बसून होत्या. खुर्च्या कशा येतात, दिव्यांच्या माळा कुठे अडकतात, तंबूचे खांब कोण कुठून उचलतो, नुसतं बघत. मग माझ्या टेबलावर पुठ्ठ्याचे तुकडे कापून तिनं आख्खा खेळ मांडला (माझी कात्री अजून सापडलेली नाही) आणि येईल त्याला खेळायला बसवू लागली. पहारेकरी झाला, चहावाला झाला, आकाशपाळणेवाला झाला. गंमत अशी, की खेळणाऱ्याला ती एक अक्षर सांगत नाही. फक्त त्याचं बोट कुठे अडखळतं ते बघते, आणि जिथे अडखळेल तिथे स्वतःची चूक मानून तुकडा बदलते. चहावाल्याचं बोट एकाच जागी तीनदा अडलं तेव्हा मी म्हटलं, अगं, तोच जरा मंद आहे. तर म्हणाली, "नाही दादा, तो नाही. माझा खेळ मंद आहे." काका, इतक्या वर्षांच्या नोकरीत असं वाक्य मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही, माझ्या तर नाहीच.

खेळ तयार झाला. पडद्यावर गोदाम, त्यात सामानाचा ढीग. सारख्या तीन वस्तू शोधून टिचकी मारली की त्या गायब. सगळे खूष. फक्त आमचा स्टोअरकीपर सोडून. हा गृहस्थ असा, की स्वतःच्या घरातून छत्री नेतानाही बायकोची सही घेत असेल. त्यानं तीन खुर्च्या जुळवल्या, त्या नाहीशा झाल्या, आणि तो उठून खरोखरच गोदामात जाऊन खुर्च्या मोजून आला. परत आला तो एकच प्रश्न घेऊन : गेल्या कुठे? आम्ही समजावलं, हा खेळ आहे. त्याला मान्य. पण खेळात गोदाम त्याचं आहे, दारावर त्याच्याच गोदामाची पाटी आहे, आणि त्याच्या गोदामातून वस्तू गायब होतात असं गावभर दिसणं त्याला मान्य नाही. आमच्याकडे त्याच्या मंजुरीशिवाय सुतळीसुद्धा बाहेर जात नाही, मग खेळ कसा जाणार? मुंगीचं आठवड्यांचं काम एका गायब खुर्चीवर अडून बसलं. मी सुचवलं की खाली बारीक अक्षरात लिहू, सामान सुरक्षित आहे. मुंगीनं माझ्याकडे पाहिलं ते काकू बघते ना, अगदी तसं. मी पुन्हा काही सुचवलं नाही.

मी असतो तर त्या माणसाशी भांडलो असतो. ती म्हणाली, त्याचं बरोबर आहे, वस्तू कुठेतरी पोचायला पाहिजे. आणि दुसऱ्या दिवशी खेळाच्या तळाशी एक टेंपो उभा होता. पिवळा. डावा दरवाजा चेपलेला. (कुठल्या फाटकानं चेपला ते मी लिहीत नाही, आणि गाडी कोण चालवत होतं तेही नाही.) आता जुळलेल्या वस्तू गायब होत नाहीत, टेंपोत चढतात. जड खाली, काचेचं वर, मेळ्यात जे आधी लागणार ते सगळ्यात शेवटी भरायचं, आणि मध्ये फट राहिली तर वळणावर सगळं घसरतं. सोपा खेळ एकदम डोकं चालवायला लावणारा झाला. ही अक्कल तिला कुठून आली हे मी तुम्हाला सांगायला नको. स्टोअरकीपर तर असा विरघळला, की खेळात भरून पाठवलेले सगळ्यांत जास्त टेंपो आज त्याच्याच नावावर आहेत.

आणि टेंपो बोलतो. माझ्या घरचं सामान हलवताना तुमच्या सुनेनं व्हिडिओ काढला होता, त्यात आरशाचं कपाट जिन्यावरून उतरतंय आणि तुम्ही खालून सांगताय. तेच मुंगीनं उचललं. काचेची वस्तू ठेवायला गेलं की तुमचा आवाज येतो : "हळू... हळू... टेकव." अध्यक्षबाईंची फार इच्छा होती की आवाज त्यांचा असावा. एकदा घेऊनही पाहिला, पण त्या "हळू" म्हणाल्या की माणूस दचकून खुर्चीवरून उठे. तुमचाच राहिला. हल्ली ऑफिसात कुणी चहाचा कप ठेवला तरी चारी बाजूंनी "टेकव" ऐकू येतं. मला विचाराल तर पोरीनं तुमचा धंदा सोडलेला नाही, तिनं तो गावभर वाटला आहे. मला तिचा अभिमान वाटतो, आणि हे वाक्य मी कंसात टाकणार नाही.

काकूला नमस्कार. गुडघ्याचं ऐका, घरात तुम्ही ज्याचं ऐकता असा तो एकटाच आहे.

तुमचा,
सामान उचलायच्या वेळी नेमका गैरहजर असणारा पुतण्या

ता. क. : सोबत एक कागद आहे. आमचे वकीलसाहेब म्हणतात, आवाज ज्याचा त्याची सही हवी, नाहीतर मेळ्याआधी आवाज काढावा लागेल. मुंगी तुमच्याकडे मागणार नाही, म्हणून मी मागतो. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच होतं.

आणखी ता. क. : सही पोस्टानं चालत नाही, स्वतः येऊन करावी लागते. (ही अट वकीलसाहेबांची नाही, माझी आहे.)

ता. क. : बाबा, दादानं हे पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून आधी वाचलं. सहीचा कागद मी काढून घेतला आहे, तुम्ही नको म्हणालात तर आवाज काढून टाकेन. पण ठेवायचा असेल तर मला आणखी एक शब्द लागतो. टेंपो नीट भरून निघाला की तिथे "शाब्बास" असं यायला हवं. घरातले होते नव्हते ते सगळे व्हिडिओ ऐकले, तुमच्या आवाजात तो कुठेच सापडला नाही. तेवढा पाठवा. पण आधी खेळून बघा. उगाच म्हणू नका.